पूर्णांक-पल्ल्यांच्या संचाची साठवण व समावेशन : संगणकीय पडताळणीतील नोंदवहीचा प्रश्न

बीजसंज्ञा : पूर्णांक-पल्ला, अर्धविवृत पल्ला, सीमांची यादी, द्विभाजन शोध, संतुलित वृक्ष, बिटमॅप

प्रस्तावना

७ जून १७४२ रोजी ख्रिश्चन गोल्डबाख याने लिओनार्ड ऑयलर याला लिहिलेल्या पत्रातून जी अटकळ पुढे आली, तिचे आजचे रूप शाळकरी विद्यार्थ्यालाही समजेल इतके सोपे आहे : २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते. या विधानाची सिद्धता अद्याप कोणालाही देता आलेली नाही. तथापि तोमाश ऑलिव्हेइरा ए सिल्व्हा, सिगफ्रीड हर्झोग व सिल्व्हिओ पार्डी यांनी ४ वर १८ शून्ये दिली असता जी संख्या होते, तिथपर्यंतच्या सम संख्यांसाठी ही अटकळ संगणकाच्या साहाय्याने पडताळून पाहिली. त्यांच्या या कामाचा वृत्तांत 'मॅथेमॅटिक्स ऑफ कॉम्प्युटेशन' या नियतकालिकात २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलाट्झच्या अटकळीबाबतही असेच प्रयत्न झाले आहेत. डेव्हिड बारिना यांनी २०२० मध्ये २ च्या ६८ व्या घातापर्यंत व २०२५ मध्ये २ च्या ७१ व्या घातापर्यंत पडताळणी झाल्याचे प्रसिद्ध केले. यांपैकी दुसरी मर्यादा २२ अंकी आहे.

एवढे मोठे काम एका यंत्राने होण्यासारखे नसते. मोठ्या पल्ल्याचे लहान पल्ले पाडून ते अनेक यंत्रांना वाटून द्यावे लागतात. एखादे यंत्र वेगवान असते, एखादे मध्येच बंद पडते, एखाद्याचे उत्तर आठवडाभर उशिरा येते. त्यामुळे पूर्ण झालेले तुकडे क्रमाने हाती येत नाहीत. 'अमुक संख्येपर्यंतची प्रत्येक संख्या तपासली आहे' हे विधान करावयाचे, तर आलेल्या तुकड्यांची जोडणी होऊन त्यांत कोठेही फट राहिलेली नाही, हे कोणीतरी सांगावयास हवे. हे काम नोंदवहीचे होय. ही नोंदवही म्हणजे पूर्णांकांच्या पल्ल्यांचा एक संच, आणि नवा तुकडा आला की त्यात होणारी भर म्हणजे समावेशन.

मूळ गणनेच्या अचूकतेवर पुष्कळ लिहिले जाते. नोंदवहीकडे मात्र किरकोळ कारकुनी म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात न तपासलेली एक संख्या तपासलेली म्हणून नोंदवहीत गेली, तर ती पुन्हा कोणत्याही यंत्राकडे पाठविली जात नाही. अपवादात्मक संख्या नेमकी तीच असेल, तर ती कधीच सापडणार नाही. प्रस्तुत लेखात ही नोंदवही कशी ठेवावी, तीत भर कशी घालावी आणि ती कोठे चुकते, याचे विवेचन केले आहे.

नोंद कशाची ठेवावयाची?

सर्वांत सरळ उपाय बिटमॅपचा. प्रत्येक संख्येसाठी एक बिट राखून ठेवावयाचा. संख्या तपासली की १, अन्यथा ०. यात चूक होण्यास फारसा वाव नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु गोल्डबाखच्या उपरोक्त मर्यादेपर्यंतच्या केवळ सम संख्या घेतल्या, तरी अशा बिटमॅपला सुमारे अडीच लाख टेराबाइट जागा लागेल. सलग तपासलेल्या संख्यांसाठी इतकी जागा खर्च करणे निरर्थक आहे. सलग तुकड्याची फक्त दोन टोके लिहिली तरी पुरते.

मराठी वाचकास जवळचे उदाहरण द्यावयाचे, तर युनिकोडमधील देवनागरीचे देता येईल. युनिकोडमध्ये एकूण ११,१४,११२ संकेतांक आहेत. देवनागरीच्या नावाने राखलेले विभाग दशमान पद्धतीने लिहिल्यास २३०४ ते २४३१, ७३७६ ते ७४२३ (हा वैदिक विस्ताराचा), ४३२३२ ते ४३२६३ आणि २०२२ मध्ये समाविष्ट झालेला ७२४४८ ते ७२५४३ असे आहेत. 'हे चिन्ह देवनागरी विभागातील आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर बिटमॅपने द्यावयाचे, तर १,३९,२६४ बाइट लागतात. चार पल्ल्यांची आठ टोके प्रत्येकी चार बाइटांत लिहिली, तर ३२ बाइटांत काम भागते.

मात्र पल्ल्यांची यादी नेहमीच किफायतशीर ठरते असे नाही. एकाआड एक संख्या असलेल्या संचात प्रत्येक संख्या हाच एक स्वतंत्र पल्ला होतो, आणि एका संख्येसाठी दोन टोके लिहावी लागतात. (गोल्डबाखच्या बाबतीत सम संख्येऐवजी तिची निम्मी संख्या नोंदविली की ही अडचण उरत नाही.) संच कोठे सलग, कोठे विखुरलेला असा संमिश्र असेल, तर डॅनियल लेमिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली 'रोअरिंग' बिटमॅपची पद्धत पाहावी. तीत ६५,५३६ संख्यांचा एकेक गट पाडतात. गटात ४,०९६ पर्यंत संख्या असतील तर त्यांची यादी, त्याहून अधिक असतील तर ८,१९२ बाइटांचा बिटमॅप, आणि सलग तुकड्यांनी जागा वाचत असेल तर पल्ल्यांची यादी, असा त्या त्या गटापुरता निर्णय घेतला जातो. पडताळणीच्या नोंदवहीत मात्र संच बहुतांशी सलगच असतो. तेथे एवढ्या सामग्रीची गरज सहसा भासत नाही.

टोकांचा संकेत

परीक्षेच्या फलकावर 'आसनक्रमांक १०१ ते १४०, खोली क्रमांक ५' असे लिहिलेले असते. यातील दोन्ही टोके पल्ल्यात धरलेली असतात. हा संवृत पल्ला होय. त्यातील विद्यार्थी किती, असे विचारले असता घाईत ३९ असे उत्तर देणारे पर्यवेक्षक सर्वांनीच पाहिले असतील. उत्तर ४० आहे, कारण वजाबाकीनंतर १ मिळवावा लागतो. पुढील खोली १४१ पासून सुरू होते, म्हणजे दोन खोल्या लगतच्या आहेत काय हे पाहतानाही १ मिळवावा लागतो.

याउलट डावे टोक धरावयाचे व उजवे सोडावयाचे, असा संकेत केला तर तोच पल्ला [१०१, १४१) असा लिहिला जाईल. हा अर्धविवृत पल्ला. त्याची लांबी १४१ वजा १०१, म्हणजे सरळ ४०. पुढील पल्ला [१४१, १८१). एकाचे उजवे टोक व दुसऱ्याचे डावे टोक समान असले की ते लगतचे. १ मिळविण्याचा प्रसंगच येत नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मधील आपल्या प्रसिद्ध टिपणात याच संकेताचा पुरस्कार केला. झेरॉक्स पार्क येथील मेसा या भाषेत चारही प्रकारचे संकेत उपलब्ध होते आणि त्यांपैकी उरलेले तीन चुकांना कारणीभूत ठरत असल्याचा अनुभव होता, असा दाखला त्यांनी त्यात दिला आहे. इंटरनेटवरील टीसीपी या नियमावलीत १९९६ मध्ये जो निवडक पोचपावतीचा पर्याय ठरविला गेला, त्यातही मिळालेल्या प्रत्येक तुकड्याचे उजवे टोक म्हणून तुकड्यातील शेवटच्या बाइटाच्या पुढचा क्रमांक कळविला जातो. तुकडे क्रम सोडून येतात व त्यांतील फटी नेमक्या कळाव्या लागतात, ही तेथील गरजही नोंदवहीसारखीच आहे.

अर्धविवृत संकेतात एक उणीव आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. समजा, २ च्या ७१ व्या घातापर्यंतचे काम २ च्या ४० व्या घाताएवढ्या तुकड्यांत वाटले व तुकड्यांना ० पासून क्रमांक दिले. तुकडे २ च्या ३१ व्या घाताइतके होतील व शेवटचा क्रमांक २,१४,७४,८३,६४७ असेल. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. सर्व तुकडे पूर्ण झाले, की अर्धविवृत पल्ल्याचे उजवे टोक याहून १ ने मोठे हवे, आणि ते मावत नाही. जावा भाषेत अशा वेळी बेरीज निमूटपणे ऋण संख्येवर जाऊन पोहोचते. पोस्टग्रेएसक्यूएल या विदागार-प्रणालीत २०१२ पासून पल्ल्याचा स्वतंत्र प्रकार आहे व २०२१ पासून अनेक पल्ल्यांच्या संचाचाही आहे. तेथे पूर्णांकांचे पल्ले अर्धविवृत रूपातच आणले जातात आणि टोक मावत नसल्यास प्रणाली त्रुटीचा संदेश देऊन थांबते. संवृत पल्ल्यात ही अडचण येत नाही, हे खरे. तरीही ६४ बिटांचे पूर्णांक वापरून अर्धविवृत संकेत पाळणे श्रेयस्कर, कारण त्याची उणीव एकाच जागी, अगदी शेवटच्या टोकाशी आहे. संवृत संकेतातील १ मात्र पानोपानी सांभाळावा लागतो.

समावेशनाची रीत

नोंदवहीतील पल्ले चढत्या क्रमाने असावेत, ते एकमेकांवर येऊ नयेत व एकमेकांस लागूनही नसावेत, ही अट कायम पाळावयाची. असे केले तर एका संचाचे एकच रूप संभवते, आणि दोन नोंदवह्या समान आहेत काय हे केवळ याद्या ताडून सांगता येते. पल्ल्यांच्या जोड्या ठेवण्याऐवजी सर्व टोके एकाच यादीत ओळीने लिहिली, तर ही अट पाळणे फार सुलभ होते. उदाहरणार्थ, [१०, २०), [३०, ४०), [५०, ६०), [८०, ९०) या संचाची यादी अशी होईल :

१०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ८०, ९०

एखादी संख्या संचात आहे काय, हे पाहण्यासाठी तिच्याइतकी किंवा तिच्याहून लहान टोके किती आहेत ते मोजावयाचे. ती विषम असतील तर संख्या संचात आहे, सम असतील तर नाही. यादी क्रमवार असल्याने ही मोजणी द्विभाजन शोधाने होते. २०,००० टोकांच्या यादीत फार तर १५ तुलना पुरतात.

आता [क, ख) हा नवा पल्ला घालावयाचा आहे. 'क'हून निश्चितपणे लहान असलेली टोके मोजा. ही पहिली मोजणी. 'ख'इतकी किंवा त्याहून लहान टोके मोजा; ही दुसरी. पहिल्या मोजणीपुढची, दुसऱ्या मोजणीपर्यंतची सर्व टोके यादीतून काढून टाका. त्यांच्या जागी, पहिली मोजणी सम असेल तरच 'क' लिहा, आणि दुसरी मोजणी सम असेल तरच 'ख' लिहा. रीत एवढीच.

वरील यादीत [३५, ५५) घालून पाहू. ३५ हून लहान टोके तीन, ५५ पर्यंतची टोके पाच. चौथे व पाचवे टोक, म्हणजे ४० व ५०, निघून जातात. दोन्ही मोजण्या विषम असल्याने नवे काहीच लिहावयाचे नाही. उरते ते १०, २०, ३०, ६०, ८०, ९०. म्हणजे [३०, ४०) व [५०, ६०) हे नव्या पल्ल्याने सांधले जाऊन [३०, ६०) झाले. मूळ यादीत [२०, ३०) घातला, तर पहिली मोजणी एक व दुसरी तीन; २० व ३० ही टोके जातात आणि [१०, ४०) हा अखंड पल्ला मिळतो. लगतचे पल्ले जोडण्यासाठी वेगळा नियम करावा लागला नाही, हे लक्षात घ्यावे.

रीत अचूक का ठरते, याचे कारण पाहण्यासारखे आहे. पहिली मोजणी विषम असणे याचा अर्थ 'क'च्या लगत मागची संख्या आधीच संचात आहे. दुसरी विषम असणे म्हणजे खुद्द 'ख' ही संख्या संचात आहे. नव्या पल्ल्याच्या आतील सर्व संख्या संचात येणारच असल्याने तेथील जुनी टोके निरुपयोगी ठरतात. आणि शेजारची संख्या संचाबाहेर असेल तेथेच नव्या टोकाची आवश्यकता उरते. सम-विषमाची अट उलट केली, की हीच रीत पल्ला वगळण्यासाठी चालते. एखाद्या यंत्राचे निकाल सदोष आढळून त्याचे तुकडे नोंदवहीतून काढावे लागतात, तेव्हा तिचा उपयोग होतो.

चूक कोठे शिरते?

सर्वांत घातक चूक दोन संकेतांच्या सरमिसळीतून होते. संवृत पल्ल्यांसाठी 'पुढचे डावे टोक हे मागच्या उजव्या टोकापेक्षा फार तर १ ने मोठे असेल तर जोडा' हा नियम योग्य आहे. तोच नियम अर्धविवृत पल्ल्यांच्या आज्ञावलीत उतरला, तर [१०, २०) आणि [२१, ३०) जोडले जाऊन [१०, ३०) होतात. २० ही संख्या कोणीही तपासलेली नसते; तरी ती नोंदवहीत येते. आज्ञावली थांबत नाही, संदेश देत नाही, यादी उलट अधिक नीटनेटकी दिसते. याच्या विरुद्ध दिशेची चूक, म्हणजे लगतचे पल्ले न जोडणे, त्या मानाने निरुपद्रवी होय. तिच्यामुळे यादी फुगते, पण खोटी नोंद होत नाही. दोन्ही चुका सारख्याच लेखणारा आज्ञावलीकार पहिलीचे गांभीर्य ओळखत नाही.

दुसरी चूक अंकगणिताच्या निवडीत आहे आणि गणिती सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अध्यापकांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. अशा अनेक प्रणालींत संख्येचा प्रचलित प्रकार हा ६४ बिटांचा दशांशयुक्त प्रकार असतो. त्यात २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक मावतात. पुढचा पूर्णांक मात्र मावत नाही. ४ वर १८ शून्ये या संख्येच्या परिसरात तर या प्रकारातील लगतच्या दोन संख्यांमध्ये ५१२ चे अंतर असते. टोके अशा प्रकारात ठेवली, तर कागदावर रीत कितीही निर्दोष असो, नोंदवही शेकड्यांनी संख्या गिळंकृत करू शकते. टोके पूर्णांक प्रकारातच ठेवावीत. ६४ बिटही अपुरे असतील तेथे प्रत्यक्ष संख्यांऐवजी तुकड्यांचे क्रमांक नोंदवावेत.

यादी पुरेशी आहे काय?

क्रमिक पुस्तके येथे संतुलित वृक्षाचा आग्रह धरतात. यादीत शोध जलद होतो, परंतु मध्येच टोक घालावयाचे तर पुढची सर्व टोके सरकवावी लागतात. वृक्षात मात्र शोध व भर दोन्ही गोष्टी टोकांच्या संख्येच्या लघुगणकाच्या प्रमाणात होतात. एका समावेशनात कधी हजारो पल्ले नाहीसे होऊ शकतात, तेव्हा वृक्षाचाही खर्च वाढतो. पण प्रत्येक समावेशनाने फार तर एक पल्ला वाढतो, आणि वाढलेला पल्ला एकदाच नाहीसा होऊ शकतो. त्यामुळे सर्व समावेशने मिळून होणारा एकूण खर्च आटोक्यातच राहतो.

तर्क बरोबर आहे. प्रश्न आहे तो पल्ल्यांच्या संख्येचा. तुकडे क्रमाने वाटले जात असतील व एका वेळी ५०० तुकडे यंत्रांकडे प्रलंबित असतील, तर फटी ५०० हून अधिक असूच शकत नाहीत, आणि पल्ले ५०१ हून अधिक होऊ शकत नाहीत. मग काम एक दिवस चालो की दहा वर्षे. नोंदवहीचा आकार तपासलेल्या संख्यांवर ठरत नाही, प्रलंबित तुकड्यांवर ठरतो. तुकडे पूर्णतः यादृच्छिक क्रमाने आले, तरी १०,००० तुकड्यांपैकी निम्मे आले असता अपेक्षित पल्ले सुमारे २,५०० असतात. त्यानंतर संख्या घटत जाते. १०,००० पल्ल्यांची यादी धरली, तरी २०,००० टोके म्हणजे १,६०,००० बाइट. सलग स्मृतीतील एवढा मजकूर सरकविणे आजच्या प्रोसेसरला जड नाही. वृक्षात प्रत्येक पायरीला स्मृतीत इतस्ततः जावे लागते, ते अनेकदा अधिक महाग पडते. पल्ले लाखोंच्या घरात जात असतील व भर सतत मध्येच पडत असेल, तेव्हा वृक्ष अवश्य वापरावा. एरवी तो आज्ञावली लांबवितो, आणि लांब आज्ञावलीत चुकीला जागा अधिक.

सर्व पल्ले आधीच हाती असतील, तर एकेक समावेशन करूच नये. डाव्या टोकानुसार क्रम लावून एकदाच यादीवरून जावे; पुढचे डावे टोक चालू पल्ल्याच्या उजव्या टोकाइतके किंवा कमी असेल तर पल्ला वाढवावा, नसेल तर नवा सुरू करावा. हे इतके उघड असूनही एकेक भर घालणाऱ्या आज्ञावली पुष्कळ दिसतात.

नोंदवहीची तपासणी

१९९४ मध्ये अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. त्यांच्या निकालांत विसंगती आढळली. तिचा माग काढीत ते ८,२४,६३,३७,०२,४४१ व ८,२४,६३,३७,०२,४४३ या जोडीपर्यंत पोहोचले, आणि पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील दोष उघडकीस आला. एकच गणना एका यंत्रावर करून त्यांनी समाधान मानले असते, तर हे घडले नसते. नोंदवहीलाही असा दुसरा साक्षीदार हवा.

त्यासाठी दोन उपाय सुचविता येतात. पहिला जमाखर्चासारखा : प्रत्येक समावेशनाच्या वेळी नव्याने किती संख्या आल्या व किती आधीच होत्या, हे दोन्ही आकडे नोंदवावेत. त्यांची बेरीज आलेल्या पल्ल्याच्या लांबीइतकी यावयास हवी, आणि नव्याने आलेल्यांची एकूण बेरीज, मध्ये काही वगळले नसल्यास, यादीतील सर्व पल्ल्यांच्या लांबीइतकी. मात्र पहिला आकडा समावेशनाच्या आज्ञावलीतून न घेता, समावेशनापूर्वी यादीतील फटी मोजून स्वतंत्रपणे काढावा. [१०, २०) व [२१, ३०) यांच्या चुकीच्या जोडणीत जमेपेक्षा शिल्लक १ ने जास्त निघेल आणि चूक त्याच क्षणी दिसेल.

दुसरा उपाय लहान विश्वात संपूर्ण तपासणीचा आहे. ० ते ११ या बारा संख्यांचे ४,०९६ उपसंच होतात आणि त्यांत घालता येतील असे रिक्त नसलेले पल्ले ७८ आहेत. प्रत्येक उपसंचात प्रत्येक पल्ला एकदा यादीच्या रीतीने व एकदा साध्या बिटमॅपने घालून दोन्ही निकाल ताडून पाहावेत. अशा एकूण ३,१९,४८८ तुलना होतात. साध्या संगणकावरही त्या सहज होतात. समावेशनाच्या रीतीत केवळ तुलना व सम-विषमतेचाच उपयोग असल्याने टोकांशी, लगत व एका संख्येच्या फटीशी संभवणाऱ्या सर्व स्थिती या बारा संख्यांत येऊन जातात. दशांशयुक्त प्रकाराची व उजवे टोक न मावण्याची चूक मात्र या तपासणीत सापडणार नाही. त्यासाठी २ चा ५३ वा घात व वापरलेल्या पूर्णांक प्रकाराची कमाल मर्यादा यांच्या अलीकडचे-पलीकडचे पल्ले स्वतंत्रपणे घालून पाहावे लागतात.

शेवटची गोष्ट साठवणीची. लगतचे पल्ले जोडले की कोणता तुकडा कोणत्या यंत्राने तपासला, ही माहिती नाहीशी होते. सी++ साठीच्या बूस्ट संग्रहात २०११ मध्ये आलेल्या पल्ल्यांच्या ग्रंथालयात लगतचे पल्ले जोडणारा व ते वेगळे ठेवणारा, असे दोन भिन्न प्रकार याच कारणाने उपयुक्त ठरतात. पडताळणीच्या कामात मात्र जोडलेली यादी ही केवळ उत्तर देण्यासाठी ठेवावी, आणि आलेला प्रत्येक तुकडा, त्याची तारीख व यंत्राचा क्रमांक यांची रोजकीर्द वेगळी लिहावी, जीत फक्त शेवटी भर पडते व मागचे काही खोडले जात नाही. वीज जाऊन यादीची फाइल अर्धवट लिहिली गेली, किंवा एखाद्या यंत्राचे सर्व निकाल रद्द करावे लागले, तर रोजकीर्दीवरून क्रम लावून यादी पुन्हा उभी करता येते.